घरातल्या कुत्र्या-मांजराला कॅन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरपासून पार राऊपर्यंतच्या मराठी घरांतून कुत्र्या-मांजरांच्या गाठींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. मी पशुवैद्य आहे. टेबलावर येणारी बरीच जनावरं उशिरा येतात, आणि उशिराचं कारण विचारलं की 'म्हटलं थोडे दिवस बघू' हेच उत्तर सगळ्यात जास्त वेळा मिळतं. म्हणून खाली एकच आग्रह ठिकठिकाणी दिसेल : आधी आजाराचं नाव कळू द्या, औषध त्यानंतर.

अंघोळ घालताना हाताला गाठ लागली. कॅन्सरच असेल का?

असेलच असं नाही. उतारवयातल्या लॅब्रेडॉरच्या छातीवर किंवा पोटावर मऊ, कातडीखाली सरकणारी चरबीची गाठ नेहमी सापडते आणि ती सहसा काही त्रास देत नाही. पू धरलेली गाठ, चामखीळ, गोचीड चावून आलेली सूज, अशीही कारणं असतात. पण नुसतं चाचपून 'ही चरबीचीच' असं कुठल्याच डॉक्टरला खात्रीने सांगता येत नाही. मलाही नाही. मास्ट सेल ट्यूमर म्हणून कातडीचा एक कॅन्सर आहे, तो हाताला अगदी चरबीसारखा लागू शकतो. त्यातून हिस्टामिन हा सूज आणणारा पदार्थ सुटतो, त्यामुळे गाठ एक दिवस फुगते, दोन दिवसांनी बसते आणि घरचे निश्चिंत होतात.

साधा नियम लक्षात ठेवा. गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण १ सेंमी झाली असेल, किंवा महिना झाला तरी गेली नसेल, तर तपासायची. कालनिर्णयच्या पानावर तारीख, जागा आणि पट्टीने घेतलेलं माप लिहून ठेवा. 'वाढली आहे असं वाटतं' आणि 'तीन आठवड्यांत दुप्पट झाली' यांत डॉक्टरच्या दृष्टीने फार फरक आहे.

गाठ नसताना कॅन्सर असू शकतो का? कोणती लक्षणं बघायची?

हो. न भरणारी जखम, तोंडाला अचानक आलेला घाण वास आणि लाळेत रक्त, एकाच नाकपुडीतून येणारं रक्त, मोठ्या जातीच्या कुत्र्याचं विश्रांती देऊनही न थांबणारं लंगडणं, पुन्हा पुन्हा लाल लघवी, खाणं नीट असून उतरणारं वजन. रॉटवायलर, ग्रेट डेनसारखा कुत्रा दोन-तीन आठवड्यांहून जास्त लंगडत असेल तर पायाचा एक्स-रे काढूनच घ्या.

जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात आणखी एक गोष्ट दिसते. कुत्रा एकदम कोसळतो, हिरड्या पांढऱ्या फटक पडतात, आणि काही तासांनी उठून बसतो. पोटात प्लीहेवरची गाठ फुटून रक्तस्राव झाल्याची ही खूण असू शकते. उठून बसला म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी सोनोग्राफी करा.

पांढऱ्या मांजरांच्या कानांची टोकं आणि नाकाचा शेंडा बघत जा. गच्चीवर उन्हात झोपणाऱ्या पांढऱ्या मांजराला तिथे आधी लाली, मग खपली, मग जखम होते. माळव्याचं एप्रिल-मेचं ऊन त्या कातडीला सोसत नाही. लवकर आणलं तर कानाचं टोक कापून आजार तिथेच संपवता येतो.

सुई टोचली की गाठ चिघळते, कॅन्सर पसरतो, असं म्हणतात. खरं आहे का?

हा समज इतका घट्ट आहे की त्यापायी जनावरं दगावतात. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, कशी होते ते सांगतो. इंजेक्शनची असते तशीच बारीक सुई गाठीत दोन-तीन दिशांनी आत-बाहेर करायची, सुईच्या पोकळीत अडकलेल्या पेशी सिरिंजमधल्या हवेने काचेच्या पट्टीवर उडवायच्या, दुसऱ्या पट्टीने हलकेच पसरायच्या, वाळवायच्या, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. भूल लागत नाही. बहुतेक कुत्री बिस्किट खाता खाता हे करू देतात. चरबीची गाठ असेल तर पट्टी तुपकट दिसते आणि वाळतच नाही. मास्ट सेल असेल तर जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या पेशी दिसतात. काही वेळा दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

कातडीवरच्या किंवा आचळाजवळच्या गाठीत सुई घातल्याने आजार पसरण्याची भीती बाळगू नका. खरा अपवाद आहे तो मूत्राशयाच्या कॅन्सरचा. तिथे पोटातून सुई घातली तर सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात, म्हणून आम्ही लघवीचा नमुना किंवा नळी वापरतो. प्लीहेच्या रक्ताळ गाठीतही सुई टाळतो, कारण ती फुटण्याचा धोका असतो.

सुईची तपासणी झाली. मग बायोप्सी पुन्हा कशाला?

सुईतून सुट्या पेशी येतात. गाठ किती खोल शिरली आहे, किती आक्रमक आहे, तिची ग्रेड काय, हे सांगायला पेशींची मांडणी दिसावी लागते आणि त्यासाठी तुकडा हवा. तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मेलिन लागतं, नाहीतर आतला भाग सडतो.

एक विनंती मनापासून करतो : ऑपरेशनने काढलेली गाठ कधीही फेकून देऊ देऊ नका. 'सगळी काढली आहे, काळजी नको' हे ऐकून लोक घरी जातात आणि चार महिन्यांनी त्याच जागी गाठ परत येते. तेव्हा ती काय होती हे कोणालाच ठाऊक नसतं. गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, गेली पाहिजे आणि रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे कापलेल्या काठापर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्या आहेत का, ते लिहून आलं पाहिजे. शक्यतो जनावरांच्याच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा. माणसांच्या लॅबमधले डॉक्टर हुशार असतात, पण कुत्र्यांच्या मास्ट सेल गाठीच्या ग्रेडची पद्धत वेगळी आहे. स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, दुसरं मत घ्यायला ते लागतात.

यापुढे आजार कुठवर गेला ते पाहायचं : जवळच्या लिम्फ ग्रंथीत सुई, छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्ताची तपासणी. फुप्फुसांत गाठी असतील तर आचळाच्या मोठ्या ऑपरेशनने जनावराला फक्त टाके मिळतात.

नाकातून रक्त येतंय, गळ्याजवळ गाठी सुजल्यात. ब्लड कॅन्सर आहे असं कळलं.

कोणत्या तपासणीवरून कळलं, हे आधी विचारा. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया हा ताप इतका पसरलेला आहे की त्याचा विचार न करता कॅन्सर म्हणणं घाईचं ठरतं. त्यातही प्लेटलेट कोसळतात, नाकातून रक्त येतं, लिम्फ ग्रंथी सुजतात, वजन उतरतं, हिरड्या फिक्या पडतात. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध आहे आणि आजार जुना झालेला नसेल तर कुत्रा उभा राहतो. रक्ताची स्मिअर, एर्लिकियाची टेस्ट किंवा पीसीआर, आणि सुजलेल्या ग्रंथीतली सुई, या तीन गोष्टी झाल्याशिवाय निराश होऊ नका.

उलटही घडतं, तेही सांगायला हवं. गोचीड-ताप म्हणून महिनाभर गोळ्या चालतात, ग्रंथी मात्र वाढतच राहतात आणि निघतो लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यामागे, दोन्ही बाजूंना, न दुखणाऱ्या घट्ट गाठी लागल्या तर आठवडाभरही थांबू नका.

सूज उतरायला स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊन बघितलं तर काय बिघडलं?

लिम्फोमात बरंच बिघडतं. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिलं की ग्रंथी दोन दिवसांत उतरतात, कुत्रा जेवू लागतो, घरात आनंद होतो. पण कॅन्सरच्या पेशी काही काळ लपतात, त्यामुळे सुईतून निदान निसटतं. शिवाय उरलेल्या पेशी औषधाला सरावतात, मग पुढची केमो कमी लागू पडते.

लिम्फोमाला काहीच उपचार केले नाहीत तर कुत्रा साधारण चार ते सहा आठवडे काढतो. नुसत्या स्टेरॉईडवर महिना-दोन महिने. अनेक औषधांची केमो दिली तर बहुतेक कुत्र्यांच्या ग्रंथी पूर्ण उतरतात आणि बी-सेल प्रकारात सरासरी वर्षभराचं चांगलं आयुष्य मिळतं. टी-सेल प्रकारात कमी. पूर्ण बरा होणारा कुत्रा विरळा, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. केमो करायची नाही असं घरच्यांनी विचारपूर्वक ठरवलं, तर तेव्हा स्टेरॉईड जरूर द्यावं. मात्र आधी सुई झालेली असावी.

कुत्रीच्या आचळाजवळ गठान आहे. वय नऊ. ऑपरेशन करावं का?

नसबंदी न झालेल्या कुत्रीत हा सगळ्यात नेहमीचा कॅन्सर. कुत्रीच्या आचळाच्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. मांजरीत मात्र दहातल्या आठ-नऊ. म्हणून मांजरीच्या पोटाखालची बारीकशी गाठही मी तातडीची मानतो. कुत्रीत गाठ ३ सेंमीच्या आत असताना काढली तर निकाल पुष्कळ चांगला लागतो. मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त होतात, पण तपासताना पाचही जोड्या दोन बोटांत धरून बघायच्या.

एक प्रकार वेगळा ओळखा : सगळा भाग लाल, गरम, कडक, दुखरा आणि सुजलेला. याला दाहक कार्सिनोमा म्हणतात. त्यात चाकू लावू नये, टाके भरत नाहीत आणि हाल वाढतात. तिथे वेदना कमी करणं हाच उपचार.

आता टाळता येण्याजोगं. पहिल्यांदा माजावर येण्याआधी नसबंदी केली तर हा धोका अगदी नगण्य होतो, असं १९६९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं होतं. पुढच्या परीक्षणांनी तो पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असंही म्हटलं. मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांचे प्रश्न येऊ शकतात, म्हणून वेळ डॉक्टरशी बोलून ठरवा. पण एका बाबतीत माझं मत ठाम आहे : माज थांबवायला दिलेली हार्मोनची इंजेक्शनं घेऊ नका. त्याने आचळाच्या गाठी वाढतात आणि गर्भाशयात पू होतो. 'ऑपरेशन नको, सुई देऊन टाका' असं म्हणणाऱ्या काकूंना मी हेच समजावतो.

कॉलनीतल्या कुत्रीच्या मागून रक्त टपकतं, फ्लॉवरसारखं मांस बाहेर आलंय. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि चांगलं होऊ शकतं. हा बहुधा टीव्हीटी, समागमातून पसरणारा कॅन्सर. यात कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या शरीरात जन्मलेल्या या पेशी आजवर अशाच चालत आल्या आहेत. हुंगण्या-चाटण्यातून त्या नाकातही रुजतात, म्हणून नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्यात हाही विचार करावा लागतो.

व्हिन्क्रिस्टिन हे एकच औषध आठवड्यातून एकदा, सहसा चार ते सहा वेळा शिरेतून दिलं की दहातले नऊ कुत्रे बरे होतात. दोन-तीन डोसांत मांस आक्रसतं आणि रक्त थांबतं, पण तेव्हा उपचार सोडू नका. दिसेनासं झाल्यावरही पुढचा डोस द्यावा लागतो. औषध माणसांचंच, दवा बाजारात मिळतं. २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, तेव्हा मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून आणू नका, बर्फाच्या डब्यातून आणा. थेंबभरही शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते, म्हणून कंपाउंडरकडून घरी टोचून घेण्याचं हे इंजेक्शन नव्हे. भटक्या कुत्र्याला दर आठवड्याला पकडणं हाच खरा अवघड भाग. कॉलनीतल्या चार घरांनी मिळून वाटून घेतलं तर जमतं. बरी झाल्यावर नसबंदी करून घ्या.

केमो म्हणजे केस गळणार, उलट्या होणार, हाल होणार. त्यापेक्षा नकोच ना?

माणसांत कॅन्सर मुळापासून काढायचा म्हणून मोठे डोस देतात. जनावरांत आपण चांगले दिवस मिळावेत म्हणून डोस मुद्दाम बेताचा ठेवतो. बहुतेक कुत्र्यांचे केस गळत नाहीत. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे विरळ होतात, मांजरांच्या मिशा गळतात. एक-दोन दिवस खाणं कमी होणं किंवा पातळ शी होणं, एवढंच अनेकांना होतं. खरी काळजी घ्यायची ती पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी खाली येतात. घरात थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचं तापमान १०३ फॅरनहाइटच्या वर गेलं आणि तो मलूल असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी फोन करा.

औषधानंतर तीन दिवस लघवी-शी हातमोजे घालून साफ करा. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर त्यांना त्या कामापासून दूर ठेवा. जनावराला कुशीत घ्यायला काही हरकत नाही.

पाय कापायला सांगितलाय. तीन पायांवर कसा जगेल?

हाडाच्या कॅन्सरमध्ये तो पाय आधीच निकामी असतो आणि वेदना भयंकर असतात. पाय गेल्यावर वेदना जाते, आणि कुत्रे थोड्याच दिवसांत अंगणात फिरू लागतात. त्यांना चारचौघांत लाज वाटत नाही. ते दुःख आपलं असतं. मात्र बाकीचे तीन पाय आणि कंबर धड हवी, आणि छातीचा एक्स-रे आधी हवा. नुसत्या ऑपरेशनने सरासरी चार-पाच महिने मिळतात, सोबत कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर वर्षाच्या आसपास.

वय झालंय, भूल सोसेल का?

वय हा आजार नाही. रक्त, मूत्रपिंड, हृदय तपासून ठरवू.

हळद, अश्वगंधा, गोमूत्र, होमिओपॅथी? आणि आहार?

यांपैकी कशानेही कुत्र्या-मांजराचा कॅन्सर बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. सुनेने, शेजाऱ्याने प्रेमाने सांगितलेलं असतं, ते मला कळतं. चिमूटभर हळद भातात घातली तर मी अडवणार नाही. पण त्यापायी ऑपरेशन दोन महिने पुढे ढकललं गेलं की मी अडवतो. काढे चालू असतील तर सांगा, काही वनस्पती केमोच्या औषधांशी जुळत नाहीत. गाठीवर लेप लावू नका, तो चाटला जातो.

आहारात पोळी-दूध कमी करून अंडं, चिकन, मासे, पनीर वाढवा. शाकाहारी घरांत डॉक्टरांनी दिलेलं तयार खाणं चालेल. केमो चालू असताना कच्चं मांस नको. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर यकृत बिघडतं, तेव्हा 'भूक लागली की खाईल' म्हणून सोडू नका.

दुखतंय असं वाटतं. आमच्याकडची गोळी देऊ?

देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी जीवघेणी ठरते, कुत्र्याला आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतो. आजोबांच्या कातडीवर लावायचं फ्ल्युरोयुरासिल मलम कुत्र्याने चाटलं तरी झटके येऊन जीव जाऊ शकतो. जनावरांसाठी मेलोक्सिकॅम, गॅबापेंटिन आहेत, पण वजन बघून आणि मूत्रपिंड तपासून. दुखण्याची खूण म्हणजे केकाटणंच नसतं. जिना टाळणं, कोपऱ्यात जाऊन बसणं, रात्रभर धापणं, मांजराने अंग चाटणं सोडणं, हेही दुखणंच.

आपल्याला किंवा घरातल्या मुलांना लागण होते का?

नाही. टीव्हीटीसुद्धा कुत्र्यांपुरताच आहे.

इंदुरात होईल की मुंबईला न्यावं लागेल?

सुई, बायोप्सी, एक्स-रे, सोनोग्राफी, बहुतेक ऑपरेशनं आणि साधी केमो इथे होते. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाचं, तासाभरावर आहे. अवघड केस असेल तर तिथल्या शिक्षकांचं मत मोलाचं असतं. रेडिएशनची सोय देशातच जनावरांसाठी फार थोड्या ठिकाणी आहे. मुंबईला नेण्याआधी रिपोर्ट, स्लाईडचे फोटो आणि एक्स-रे पाठवून तिथल्या डॉक्टरांशी बोला, पुष्कळ वेळा प्रवास वाचतो. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचं कूपे पूर्ण घ्यावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. आजारी जनावराला उन्हाळ्यात त्या पेटीत पाठवू नका, गाडी करून न्या.

खर्च किती येईल?

गाठीचं नाव कळण्याआधी कोणी एकरकमी आकडा सांगितला तर तो अंदाज समजा. सुईची तपासणी सगळ्यात स्वस्त आहे, आणि पुढचा अनावश्यक खर्च तीच वाचवते. हात आखडता असेल तर पहिल्या भेटीतच मोकळेपणी सांगा. एवढ्या पैशांत सगळ्यात जास्त आराम कशाने मिळेल, हा विचार करणं आमचं कामच आहे. विमा काढणार असाल तर जनावर धडधाकट असतानाच काढा, आधीचा आजार त्यात बसत नाही.

उपचार न करायचं ठरवलं तर आम्ही निर्दयी ठरतो का?

नाही. वेदनाशामक, उलटी थांबवणारं औषध, मऊ अंथरूण आणि घरची माणसं, हाही उपचारच आहे. अट एकच, त्या काळात वेदना मोजत राहायची. रोज बघा : खातो का, पाणी पितो का, उठून बाहेर जातो का, शेपूट हलवून दारात येतो का, स्वतःच्या घाणीत पडून तर राहत नाही ना. कालनिर्णयवर चांगल्या दिवसाला टिकमार्क, वाईट दिवसाला फुली. फुल्या जास्त होऊ लागल्या की बोलायची वेळ आली.

दयामरण कायद्याला धरून आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असह्य हाल होणाऱ्या प्राण्याचा विचार केलेला आहे. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, जनावर गाढ झोपतं, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहू शकतात, लघवी होऊ शकते. हे आधी माहीत असलं की घरचे घाबरत नाहीत. 'पाप लागेल का' असं अनेक आजी विचारतात. श्वासासाठी तडफडणाऱ्या जिवाला आणखी चार दिवस ताटकळत ठेवणं मला जास्त जड वाटतं, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगतो. मुलांपासून लपवू नका. 'गावाला पाठवलं' असं सांगितलं की ती वाट बघत राहतात.

दाखवायला येताना काय आणावं?

जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि औषधांची पाकिटं, विशेषतः स्टेरॉईड कधी दिलं होतं ते. गाठीचे तारखेसह फोटो. लंगडत असेल तर चालतानाचा व्हिडिओ, कारण दवाखान्यात भीतीने तो सरळ चालतो. कदाचित सोनोग्राफी लागेल, म्हणून सकाळी उपाशी आणा, पाणी मात्र द्या. मांजर बंद पिंजऱ्यात, वरून चादर टाकून आणा. आणि घरात ज्याचा शब्द चालतो त्या माणसाला सोबत घ्या, नाहीतर 'ह्यांना विचारून सांगते' यात आणखी एक आठवडा जातो.